घरच्या गायक-वादकांनी रेकॉर्डिंगचा कोणता प्रोग्रॅम घ्यावा?

आमचा धंदा कापडाचा. रविवार पेठेत आमची पेढी आहे आणि गाण्या-बजावण्याशी आमचा संबंध म्हणाल तर तो ऐकणाऱ्याचा. तरीही गेली काही वर्षे आमच्या गादीवर कापडाच्या भावाबरोबर आणखी एक चौकशी होत असते. कोणी नात पढणारा तरुण येतो, कोणी हार्मोनियमवाला, कोणी कव्वाली पार्टीतला ढोलकीवाला, आणि विचारतो, "चाचा, घरीच रेकॉर्डिंग करायचे आहे, कॉम्प्युटरमध्ये कोणते सॉफ्टवेअर टाकू?" कॉलेजात जाणारी, रॅप गाणारी मुलेही येतात. ती मात्र विचारायला येत नाहीत, आम्हांला सांगायला येतात.

कापडवाल्याकडे हे लोक का येतात त्याची हकिगत पुढे येईल. आधी उत्तर सांगून टाकतो, कारण उत्तराला उशीर करणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक उठून जाते. एकटा गळा किंवा एकच वाद्य असेल आणि घरात साधा कॉम्प्युटर असेल तर 'ऑडॅसिटी' घ्यावा. कॉम्प्युटर नसून फक्त मोबाइल असेल तर 'बँडलॅब'. अ‍ॅपलचा फोन किंवा कॉम्प्युटर असेल तर 'गॅरेजबँड' हा प्रोग्रॅम त्याच कंपनीकडून फुकट मिळतो, दुसरीकडे शोधायची गरज नाही. पाच-सहा साथीदारांची पार्टी असेल आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवून नंतर कमी-जास्त करायचा असेल तर 'रीपर'. याच्या पलीकडचे महागडे प्रोग्रॅम स्टुडिओ चालविणाऱ्याने घ्यावेत. त्यांची किंमत त्याला कामातून वसूल करता येते, घरच्या गायकाला येत नाही.

चार महिन्यांचा हिशेब

आमचे मामू मोमीनपुऱ्यात राहत असत. तरुणपणी ते कव्वाली पार्टीत बेंजो वाजवीत. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या चाव्यांचे ते तारेचे वाद्य, ज्याला पुस्तकात बुलबुलतरंग म्हणतात. हे वाद्य मुळात जपानचे, तिकडे १९१२ साली तयार झाले. आपल्याकडे आले आणि कव्वालीत, लग्नाच्या वरातीत असे काही मिसळून गेले की ते परके असल्याचे कोणाला वाटतही नाही. मामूंच्या हातात कव्वालीच्या मधल्या जागा भरण्याच्या धुना होत्या, त्यांच्या उस्तादांकडून आलेल्या. त्यातल्या काही एका शेजाऱ्याने टू-इन-वनवर भरून घेतल्या होत्या. त्या कॅसेट आम्ही काढून पाहिल्या तर फितीला बुरशी आलेली आणि एक फीत तर आपल्यातच चिकटून बसलेली.

२०१९ साली आमच्या धाकट्या चिरंजीवाने ठरविले की मामूंचे सगळे वादन नीट भरून घ्यायचे. चांगलीच गोष्ट. पण त्याने कुठेतरी ऐकले की मोठमोठे स्टुडिओ अमुक प्रोग्रॅम वापरतात, तेव्हा आपल्यालाही तोच पाहिजे. अस्सल प्रोग्रॅम परवडणारा नव्हता. मग एका दुकानदाराने त्याची फोडलेली नक्कल, ज्याला ही मुले 'क्रॅक' म्हणतात, थोडक्या पैशांत आमच्या पेढीच्या कॉम्प्युटरमध्ये टाकून दिली.

पडद्यावर विमानाच्या चालकासमोर असतात तशी बटणे उघडली. आवाज आत येईना, आला तर बाहेर ऐकू येईना. चिरंजीव रोज रात्री व्हिडिओ पाहून शिकत बसे. त्या काळात मामू दोनदा आले, मांडीवर बेंजो घेऊन तासभर बसले, चहा घेतला आणि परत गेले. जाताना म्हणाले, "मशीन शुरू हुई तो आवाज देना, बेटा." चौथ्या महिन्यात त्या नकलेबरोबर आत शिरलेल्या व्हायरसने कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद केल्या. त्यात पेढीचे हिशेब होते. जीएसटीचे विवरणपत्र वेळेवर गेले नाही, दंड भरावा लागला. दुसऱ्याचा माल चोरून घरात ठेवला होता, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

मग आम्ही चिरंजीवाला म्हणालो, बाबा रे, शर्टाला बटण लावायचे आहे आणि तू एम्ब्रॉयडरीचे कॉम्प्युटर मशीन मांडून बसला आहेस. सुई-दोरा आण. त्याने ऑडॅसिटी उतरवून घेतला, आणि त्याच रात्री पहिली धून भरली गेली.

त्या हिवाळ्यात मामू आठवड्यातून एखाद-दुसऱ्या रात्री येत. त्यांनी बोटांवर मोजून चाळीस धुना सांगितल्या होत्या. अकरा भरल्या. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, येणे-जाणे बंद झाले, आणि २०२१ मध्ये मामूंचा इंतकाल झाला.

लाल बटण आणि एक सवय

ऑडॅसिटीचा जन्म अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला. १९९९ मध्ये डॉमिनिक मॅझोनी नावाच्या विद्यार्थ्याने आणि रॉजर डॅननबर्ग या त्याच्या प्राध्यापकांनी काम सुरू केले आणि २००० साली तो लोकांना खुला केला. २०२१ पासून त्याचा कारभार म्यूझ ग्रुप नावाच्या कंपनीकडे आहे, पण प्रोग्रॅम फुकटच राहिला आहे. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. जुन्या, सावकाश चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही साधे रेकॉर्डिंग तो निभावून नेतो. मेनू हिंदीतही करून घेता येतो, ही आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना मोठी सोय. तो उतरवून घेताना मात्र त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावा. फुकटच्या मालाच्याही नकला बाजारात असतात.

वापर असा. माईक जोडावा, वर माईकचे नाव निवडावे, लाल गोल बटण दाबावे. आवाजाची नक्षी पडद्यावर उमटू लागते. थांबविण्यासाठी स्पेसची लांब चावी. नको तो भाग माउसने निवडून डिलीट करावा, ताक्यातला डागी तुकडा कापून काढतो तसा. (आम्ही पहिल्या दिवशी गाण्याची सुरुवात उजव्या हाताला शोधत होतो. लहानपणची लिहिण्या-वाचण्याची सवय जात नाही. ही नक्षी डावीकडून उजवीकडे चालते.)

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. गाणे सुरू करण्यापूर्वी पाच-सहा सेकंद सर्वांनी गप्प बसून नुसती खोली भरून घ्यावी. पंख्याची घरघर, रस्त्याची गाज, जे काही असेल ते त्यात येते. नंतर तो तुकडा प्रोग्रॅमला दाखवून सांगता येते की हा कचरा आहे, हा सगळ्या गाण्यातून काढ. 'नॉइज रिडक्शन' म्हणतात ते हेच. हे औषध थोडे घ्यावे. जास्त झाले तर गळा पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. पडद्यावर एक पट्टी हलत असते. गायक सर्वांत मोठ्याने गाईल तेव्हा ती उणे बारा ते उणे सहा यांच्या दरम्यान पोहोचेल इतकाच माईक उघडा ठेवावा. पट्टी शून्याला टेकून लाल झाली की आवाज फाटतो. हळू भरलेला आवाज नंतर वाढविता येतो, पण फाटलेला सांधता येत नाही. इस्त्रीने जळालेल्या कापडावर रंगारी तरी काय करणार!

एकावर एक आवाज चढविणेही यात होते. आधी हार्मोनियम भरावी, मग ती हेडफोनवर ऐकत दुसऱ्या ओळीवर गळा भरावा. येथे पुष्कळ जण फसतात ते बिनतारी ब्लूटूथ हेडफोनमुळे. त्यात आवाज कानापर्यंत उशिरा पोहोचतो, गायक त्या उशिरावर गातो आणि मग ताल सुटला म्हणून बिचाऱ्या ढोलकीवाल्याला बोलणी बसतात. तारेचा साधा हेडफोन घ्यावा. माईक जोडण्यासाठी इंटरफेस नावाची डबी घ्यायची असेल तर गायकाला स्वतःचा आवाज थेट त्या डबीतूनच ऐकण्याची सोय तीत आहे का, हे विचारूनच पैसे द्यावेत. बाकीच्या चकाकीकडे पाहू नये. केबल, स्टँड, पिना वगैरे सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घासाघीस करून मिळते.

ऑडॅसिटीची मर्यादाही सांगितली पाहिजे. कीबोर्ड जोडून त्यातून प्रोग्रॅमच्या पोटातली वाद्ये वाजविणे हे त्याचे काम नाही. आठ-दहा ओळी झाल्या की सांभाळणे जिकिरीचे होते. तेथे रीपर कामाला येतो. हा प्रोग्रॅम जस्टिन फ्रँकेल यांचा. नव्वदीच्या अखेरीस ज्यांनी घराच्या कॉम्प्युटरवर गाणी ऐकली त्यांना 'विनॅम्प' आठवत असेल, तो याच गृहस्थांनी केला होता. रीपरची विक्रीची रीत आम्हां व्यापाऱ्यांना विचार करायला लावणारी आहे. साठ दिवस संपूर्ण प्रोग्रॅम फुकट वापरा, पटला तर पैसे द्या. साठ दिवसांनंतरही तो बंद पडत नाही, उघडताना फक्त आठवण करून देतो. घरच्या वापरासाठी आणि लहान धंद्यासाठी दर साठ डॉलर आहे. आमच्या बाजारात उधारीच्या वहीवर धंदा चालतो, पण सातासमुद्रापलीकडचा माणूस न ओळखता असा विश्वास टाकतो हे आम्हांला नवे होते. ज्यांनी असा विश्वास टाकला आहे त्यांचे पैसे तर आधी द्यावेत. चिरंजीवाने दुसरी कव्वाली पार्टी भरण्यापूर्वी ते भरले. पार्टीच्या मेहनतान्यात ही रक्कम निघून आली.

बँडलॅब ही सिंगापूरची कंपनी. तिचा प्रोग्रॅम फुकट आहे, फोनवर चालतो आणि मुलांना लगेच जमतो. तयार ताल, तयार वाद्ये त्यात असतात, म्हणून रॅपवाली मुले त्याच्यावर खूश आहेत. फक्त एवढे ध्यानात असावे की काम त्यांच्या सर्व्हरवर राहते. तयार झालेले गाणे लगेच उतरवून आपल्याकडेही ठेवावे. दुसऱ्याच्या गोदामात ठेवलेल्या मालाची किल्ली आपल्याकडे नसते. केकवॉक नावाच्या जुन्या, नावाजलेल्या प्रोग्रॅमचे उदाहरण आहे. त्याच्या मालक गिब्सन कंपनीने २०१७ साली त्याचे काम एकाएकी थांबविले, आणि ज्यांनी आयुष्यभराच्या सुधारणांचे पैसे भरले होते ते पाहत राहिले. पुढच्या वर्षी बँडलॅबनेच तो विकत घेऊन चालू ठेवला म्हणून निभावले.

गोदामातला आवाज

आता कापडवाल्याकडे लोक का येतात ते. मामूंचे वादन पहिल्यांदा घरच्या दिवाणखान्यात भरले तेव्हा ते हमामखान्यात वाजविल्यासारखे आले. फरशी, मोकळ्या भिंती, पत्र्याचे कपाट, सगळीकडून आवाज उलटून माईकवर येत होता. प्रोग्रॅममध्ये याला औषध शोधून चिरंजीव थकला. आम्हांला मात्र एक गोष्ट चाळीस वर्षांच्या धंद्याने ठाऊक होती. गोदामात ताक्यांच्या मधून हाक मारली तर माणूस दोन रांगा पलीकडे असूनही ऐकत नाही. कापड आवाज खाते.

बेंजो गोदामात नेला. तिन्ही बाजूंना सुती ताक्यांच्या थप्प्या, मागे दोन जाड रजया टांगलेल्या. तेच माईक, तोच प्रोग्रॅम, पण तार न तार वेगळी ऐकू आली. मामूंनी हेडफोन लावून ऐकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ये तो मेरे उस्ताद का हाथ है." ही बातमी मोहल्ल्यात पसरली आणि तेव्हापासून लोक येतात. कोणी पैसे विचारले तर आम्ही सांगतो, आधी कापडाचा भाव विचारा.

ज्यांना गोदाम नाही त्यांनी घरातली गोधडी, रजई, सतरंजी गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना टांगावी, कपड्यांचे कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गावे. पातळ पडद्याने काम होत नाही. जाड, वजनदार, चुण्या घातलेले कापड पाहिजे, आणि भिंतीपासून वीतभर दूर टांगले तर अधिक चांगले. तबल्याच्या डग्ग्यासारखा खालचा, घुमणारा आवाज मात्र कापड फारसा अडवीत नाही. त्यासाठी खोलीचा कोपरा सोडून बसावे. माईक गायकापासून वीत-दीड वीत, थोडा बाजूला, म्हणजे 'प', 'फ' म्हणताना हवेचा फटका बसत नाही. बेंजोच्या चाव्यांची खटखट माईकमध्ये फार येते. तेथे माईक चाव्यांकडे न ठेवता तारांवर नखी पडते त्या बाजूला धरावा.

या सगळ्यावर आमचा खर्च रजया टांगण्याच्या दोन हुकांचा झाला.

कारागिरांच्या कामाची गोष्ट

हे फक्त गाणाऱ्यांपुरते नाही. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनविणारी आपली घराणी आहेत. फरीदसाहेब हे मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार. संस्थानी फौजांचे दिवस गेल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते वाद्यांकडे वळले आणि पुढे घराण्याचे आडनावच सतारमेकर झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता गिऱ्हाईक दूर देशातून फोनवर वाद्य पाहते. पाहते खरे, पण वाद्य ऐकून घ्यायचे असते. फोनच्या व्हिडिओत काय होते? फोन आपल्या मर्जीने मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज वर उचलतो. तंबोऱ्याची तार छेडल्यावर जी जवारी हळूहळू विरत जाते, ज्यासाठी कारागीर घोडी दिवसचे दिवस घासतो, तीच नेमकी मारली जाते. दहा हजारांचे आणि पन्नास हजारांचे वाद्य सारखेच ऐकू येते, आणि नुकसान चांगल्या कारागिराचे होते.

आमच्या धंद्यात नमुन्याचा तुकडा दाखविल्याशिवाय सौदा होत नाही. वाद्यकारागिराचा नमुना म्हणजे अर्ध्या मिनिटाचे स्वच्छ रेकॉर्डिंग. पुण्यात ढोलकी, तबला मढविणारे, हार्मोनियम दुरुस्त करणारे कारागीर आहेत, त्यांनीही हे करून पाहावे. दुरुस्तीच्या आधीचा सूर आणि नंतरचा सूर, दोन फायली. गिऱ्हाईक पैशांची घासाघीस कमी करते, हा आमच्या एका हार्मोनियमवाल्या स्नेह्याचा अनुभव आहे.

फाइल कोणती ठेवावी हेही येथेच सांगतो. मूळ रेकॉर्डिंग 'वेव्ह' या प्रकारात ठेवावे. सीडीच्या दर्जाचे दोन बाजूंचे रेकॉर्डिंग मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते, म्हणजे तासभराला ६०० एमबीच्या आसपास. आजच्या पेनड्राइव्हला हे काहीच नाही. लोकांना पाठवायला त्यातून 'एमपीथ्री' काढावा. एमपीथ्रीवरून पुन्हा वेव्ह केली तर गेलेला आवाज परत येत नाही. कटपीस जोडून ताका होत नाही. ऑडॅसिटीच्या २०२१ पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये कामाची एक छोटी फाइल आणि आवाजाचे वेगळे फोल्डर असे. कोणाकडे अशी जुनी कामे असतील तर दोन्ही बरोबर उचलावीत, नुसती छोटी फाइल नेली तर हाती काही लागणार नाही. नव्या आवृत्तीत सर्व एकाच फाइलीत असते.

सिनेमाच्या चालीवर केलेली कव्वाली यू-ट्यूबवर टाकली की त्या चालीच्या मालक कंपनीचा दावा येतो, जाहिरातीचे पैसे तिकडे जातात किंवा गाणे उतरविले जाते. आपली चाल, आपले शब्द असतील तर ही भानगड नाही. एवढे सांगून हा विषय सोडतो, वकिलाचे काम वकिलाने करावे.

उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९१३ साली आपल्या पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, मिरजेत घर केले आणि १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला. त्यांचे गाणे आज जे काही कानांवर पडते ते तबकड्यांमुळे. एका बाजूला तीन मिनिटांहून फार अधिक मावत नसे आणि तेवढ्यात राग मांडावा लागे. आमच्याकडे वेळेची कसली बंदी होती? मामू बसलेले होते, हात चालत होता आणि आम्ही बटणे शिकत होतो.

शेवटी नावांची गोष्ट. ताक्याला चिठ्ठी असते, तीवर गिरणी, गज, रंग, भाव सगळे लिहिलेले असते. रेकॉर्डिंगलाही तशीच चिठ्ठी पाहिजे. तारीख, वाजविणारा, चाल कोणाची, सूर कोणता, हे फाइलच्या नावातच लिहावे, किंवा वाजविणाऱ्याकडूनच सुरुवातीला बोलून घ्यावे. हे आम्हांला पाचव्या-सहाव्या रात्री सुचले. मामूंच्या अकरा फायली आज तीन ठिकाणी आहेत, एक पेढीवर, एक घरी, एक लेकीकडे कोंढव्याला. दहांना नाव आहे. अकराव्या फाइलवर नुसती तारीख आहे, १४ जानेवारी २०२०. सहा मिनिटांची धून आहे, फार सुंदर वाजविली आहे. जुन्या कव्वाली पार्टीतल्या दोघा-तिघांना ऐकविली, प्रत्येकाने निराळे नाव सांगितले. वाचकांपैकी कोणी त्या काळच्या पार्टीत साथ केली असेल तर त्यांनी पेढीवर यावे. हेडफोन तेथेच ठेवलेला असतो.